पहिला बार देणाऱ्याचा

"तीस बोअरनं गवा पडतो का, वस्ताद?"

हिंदुराव शिंत्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

वस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात सूप होतं, सुपात नाचणी होती आणि त्यांचं सगळं लक्ष नाचणीतल्या खड्यांवर होतं.

"पडतो बी," ते म्हणाले. एक खडा सापडला, तो त्यांनी पायरीखाली टाकला. "न्हाई बी पडत..."

हे काही उत्तर झालं नाही. अकरा वर्षं हिंदुराव अशी उत्तरं ऐकत आले होते. दर वेळी त्यात काहीतरी खोल आहे असं समजून घरी जात आणि चार दिवस डोकं खाजवत बसत. आज मात्र त्यांना सरळ राग आला.

राग यायला कारण होतं, आणि ते कारण दोन पायऱ्या खाली बसून रायफलीला तेल लावत होतं.

वस्ताद म्हणजे बाबालाल जमादार. उभी हयात त्यांनी संस्थानच्या शिकारखान्यात काढली. सत्तरी आली तशी नोकरी सोडली आणि घाटमाथ्यावर, सोनखडी गावाबाहेरच्या पीराच्या ठाण्यावर येऊन राहिले. सकाळी झाडलोट करायची, ऊद घालायचा, दुपारी नाचणीची भाकरी खायची. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही.

समोरच जंगल सुरू होत होतं. गवा, सांबर, अस्वल, सगळं होतं त्यात. शिकार त्या काळी परवान्यानं व्हायची, आणि पंचक्रोशीत कुणी नवी रायफल घेतली तर ती आधी वस्तादांच्या पायरीवर यायची. वस्ताद ती हातात घेत, डोळा लावून बघत आणि एखादा शब्द बोलत. तो शब्द ऐकायला लोक दहा-दहा कोस चालत येत.

हिंदुराव घोड्यावरून येत. खालच्या सपाटीवर त्यांचं इनाम होतं. वय चाळीस, मिशा भरघोस, नेम चांगला. नेम चांगला आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि बाकीच्यांनाही ते ठाऊक आहे ना, याची त्यांना सारखी काळजी असे.

खाली बसलेला होता तो सिदू झोरे. गवळी धनगर, तिशी उलटलेला, चार पोरांचा बाप. जंगलात कोसभर आत त्याचा धनगरवाडा. म्हशी राखायचा, लोणी विकायचा आणि वस्तादांकडं आला की पाण्याची घागर भरून ठेवायचा.

त्याच्या मांडीवरची रायफल वस्तादांची होती. हिंदुरावांचं सगळं दुखणं तिथं होतं.

रायफल साधीच. तीस बोअरची, म्हणजे नळीचं तोंड बारीक, आणि लिव्हरची. लिव्हर म्हणजे चापाखाली लोखंडी कडं असतं, ते खाली ढकलून वर ओढलं की बार झालेलं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. दस्ता खांद्यावरून हलवावा लागत नाही. बाजारात तिला आज कुणी विचारलं नसतं. पण तीस वर्षं वस्तादांचा गाल लागून तिचा दस्ता एका बाजूनं गुळगुळीत झाला होता. त्या गुळगुळीत जागेवर आता सिदू तेलाचा बोळा फिरवत होता.

हिंदुरावांनी तिकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं, मग पुन्हा तिकडंच बघितलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना गव्यासाठी रायफल घ्यायची होती. मोठमोठ्या दुकानांची पुस्तकं मागवून झाली. डबल नळीची घ्यावी, बोल्टची घ्यावी, काही ठरेना. शेवटी ते याच पायरीवर आले. वस्तादांनी एवढंच विचारलं की गवा किती लांबून मारणार. हिंदुराव ऐटीत म्हणाले, दोनशे पावलांवरून.

वस्ताद हसले होते. आपल्या कारवीच्या दाट झुडपांत गवा दिसतो तोच तीस पावलांवर, ते म्हणाले. तिथं लांब जाणारी गोळी काय कामाची? जाड, बोथट, जड शिसं पाहिजे, खांद्याचं हाड फोडून आत जाणारं. आणि गवा अंगावर आला तर दुसरं काडतूस डोळ्याचं पातं लवायच्या आत वर यायला पाहिजे. तेव्हा लिव्हरची घ्या. बोअर थोरला घ्या.

हिंदुरावांनी अक्षरशः तसंच केलं. पंचेचाळीस बोअरची लिव्हर रायफल मुंबईहून मागवली. ती आली त्या दिवशी जेवायलाही न थांबता घोडा इकडं दामटला. वस्तादांनी ती हातात घेतली, कडं दोनदा खालीवर केलं.

"चांगली हाय," म्हणाले, आणि परत दिली.

बस्स. एवढंच.

आणि आठव्या दिवशी बातमी आली. वस्तादांनी स्वतःची रायफल सिदू धनगराला दिली.

हिंदुरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना ती रायफल कशाला हवी होती? त्यांच्या भिंतीवर तिच्यापेक्षा सरस अशा चार टांगलेल्या होत्या. त्यांना ती हवी नव्हतीच. त्यांना ती दिली जायला हवी होती. दोन्ही गोष्टींत फरक असतो, आणि तो फरक ज्याला कळतो त्याला झोप येत नाही.

अकरा वर्षं. प्रत्येक उरुसाला चादर, थंडीला कांबळं, आजारपणात डॉक्टर. आणि रायफल कुणाला, तर घागर भरणाऱ्याला.

आणखी एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपायची, ती सांगायलाही लाज वाटावी अशी. वस्ताद सिदूला 'अरं सिद्या' म्हणत. चुकला तर शिवीही घालत. हिंदुरावांना मात्र 'राव', 'तुमी', 'बसा'. मान त्यांना घरी पोटभर मिळत होता. एवढा घाट चढून ते मानासाठी येत नव्हते.

आता त्यात हा गवा आला होता.

एकांडा, थोराड. कुणीतरी भलत्या ठिकाणी गोळी घालून त्याला जखमी करून सोडला होता आणि तेव्हापासून तो माणूस दिसला की अंगावर येत होता. महिन्याभरात दोन माणसं गेली. एक लाकडं आणायला गेलेली बाई आणि एक हिरडा गोळा करणारा म्हातारा. दरबारनं परवाना पाठवला: एक रायफल, एक गवा. रायफल कुणाची ते जमादारांनी ठरवावं. तो कागद वस्तादांच्या कोटाच्या खिशात होता. दुपारी निघायचं होतं.

आणि सकाळपासून सिदू इथं बसून रायफलीला तेल लावत होता. ह्याचा अर्थ शेंबड्या पोरानंही लावला असता. हिंदुरावांनीही लावला.

"तीस बोअर गव्याच्या खांद्यावर म्हणजे ढेकूळ मारल्यासारखं," हिंदुराव म्हणाले.

"व्हय का," वस्ताद म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं होतं. बोअर थोरला पाहिजे म्हणून."

"सांगितलं हुतं..."

सुपातली नाचणी एकदा वर उडाली आणि परत सुपात पडली.

मग हिंदुरावांनी कोटाच्या खिशात हात घातला.

खिशात पुठ्ठ्याची एक छोटी पेटी होती. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण हिंदुराव स्वतः तिच्याबद्दल सगळं सांगणार नव्हते.

मागच्या आठवड्यात ते बेळगावला गेले होते. तिथं बंदुकांचं काम करणारा एक हुशार मिस्त्री होता. त्याच्याकडून त्यांनी तीस बोअरची दहा काडतुसं मुद्दाम करून घेतली, पुढं तांब्याची टोकदार गोळी बसवलेली. कशासाठी? सिदूला भेट द्यायला. हलक्या रायफलीला टोकदार गोळी दिली की आत तरी जाईल. असं त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, आणि सांगताना ते त्यांना स्वतःलाही खरं वाटत होतं.

मिस्त्रीनं विचारलं, रायफल कसली? लिव्हरची म्हटल्यावर तो थांबला. म्हणाला, साहेब, तिच्या नळीखाली दुसरी नळी असते. काडतुसं त्यात एकामागं एक आडवी बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडावर, बरोब्बर टोपीवर, जिच्यावर ठोका बसला की बार होतो. म्हणून तर त्या रायफलीला बोथट गोळी असते. टोकदार घातली आणि बार काढला, की धक्क्यानं मागचं टोक पुढच्या टोपीवर आपटतं. मग सगळी नळी हातातच फुटते. तेव्हा ही काडतुसं एका वेळी एकच घालायची. पाठोपाठ कधीच भरायची नाहीत. हे ज्याला द्याल त्याला आठवणीनं सांगा.

सांगतो, हिंदुराव म्हणाले होते.

बेळगावहून निघाले तेव्हा सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. निम्म्या वाटेवर त्यांना वाटलं, धनगराला एवढं कळत नसेल होय? वस्तादांचा लाडका शिष्य ना तो. घाट चढून वर आले तेव्हा ते वाक्य नुसतं कुठंतरी मागं पडलं होतं. त्यांनी ते टाकलं नव्हतं. फक्त उचललं नव्हतं.

"सिदू," ते म्हणाले, "तुझ्यासाठी आणलंय."

सिदू उठला. हात घोंगडीला पुसले आणि पेटी दोन्ही हातांनी घेतली. झाकण उघडलं आणि बघतच राहिला. सकाळच्या उन्हात तांब्याची टोकं चकाकत होती.

"बगा की वस्ताद," तो म्हणाला. "टोक बगा ह्येचं. दाभणावानी हाय."

वस्तादांनी बघितलं.

"हलकी रायफल आहे तुझी," हिंदुराव म्हणाले. "टोकदार गोळी आत जाते."

हे खरं होतं. त्या सकाळी हिंदुराव एक शब्द खोटा बोलले नाहीत.

सिदू त्यांच्या पाया पडायला वाकला. हिंदुरावांनी पाय मागं घेतले, जरा जास्तच घाईनं.

"राव, खरं सांगू?" सिदू म्हणाला. "मला वाटायचं तुमचा माज्यावर राग हाय. घरात बी मी तसंच बोललो हुतो. आज जाऊन सांगतो तिला, की मी चुकलो."

हिंदुरावांना राग येत होता तो आता अधिकच आला. हा माणूस गोडही होता. त्याचा द्वेष करायला सुद्धा धड जागा सापडत नव्हती.

सिदूनं रायफलीतली जुनी बोथट काडतुसं काढून घोंगडीवर ठेवली. मग पायरीवर बसून नवी भरायला घेतली.

पहिलं आत गेलं. एकटं काडतूस कुणाचं काही बिघडवत नाही.

दुसरं गेलं.

आता सांगावं, असं हिंदुरावांना वाटलं. त्यांनी घसा साफ केला... आणि समोरच्या जांभळीकडं बघितलं. जांभळीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

तिसरं गेलं. चौथं. प्रत्येक काडतूस आत जाताना बारीकसा आवाज होत होता, आणि प्रत्येक आवाजाला वाटत होतं, अजून वेळ आहे. पाचवं. सहावं.

सुपाचा आवाज कधीच थांबला होता. हिंदुरावांनी मान वळवली तर वस्ताद रायफलीकडं बघत नव्हते. त्यांच्याकडं बघत होते.

"राव," वस्ताद म्हणाले, "शिकारखान्याची रीत ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

"कुठली?"

"पयला बार देनाऱ्याचा."

रीत हिंदुरावांना ठाऊक होती. अकरा वर्षांत त्यांनी ती गोष्ट दहा वेळा ऐकली होती. फार पूर्वी एका ठेकेदारानं शिकारखान्याला ओल लागलेली काडतुसं दिली. अस्वल समोर आलं, चाप ओढला आणि बार झालाच नाही. अस्वलानं एका शिकाऱ्याला फाडलं. तेव्हापासून रीत पडली: काडतुसं कुणीही देवोत, ठेकेदार देवो, दिवाण देवो की खुद्द भाऊ देवो, त्यातला पहिला बार देणाऱ्यानं स्वतः काढायचा. मगच ती जंगलात जायची. दिवाणसाहेबांनी सुद्धा एकदा घाम पुसत पुसत तो काढला होता म्हणे.

ऐकताना हिंदुराव दर वेळी हसले होते.

"व्हय की," सिदू खुशीत म्हणाला. "तुमच्या हातनं पयला बार, राव. माजं भाग्य." आणि त्यानं रायफल पुढं केली.

ती हातात घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दोन वर्षं जी डोळ्यांसमोरून हलली नव्हती ती रायफल अशी हिंदुरावांच्या हातात आली. वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. गुळगुळीत जागेवर गाल टेकवला तर गाल तिथं आपोआप बसला.

वीस पावलांवर वाळलेल्या आंब्याचा बुंधा होता. वस्तादांनी हनुवटीनं तो दाखवला.

हिंदुरावांनी कडं खाली ढकलून वर ओढलं. एक काडतूस वर येऊन बसलं. पाच खालच्या नळीत राहिली, एकामागं एक. त्यांचा डावा हात त्या नळीखाली गेला. रायफल धरायची म्हटली की तो तिथंच जातो, दुसरी जागा नाही.



नळी फुटेलच असं नाही, असंही मिस्त्री शेवटी म्हणाला होता. पहिल्या बाराला फुटेल, नाहीतर दहाव्याला. तीस बोअरचा धक्का तो केवढा. आता चाप ओढला आणि काही झालं नाही, तर सगळ्यांच्या देखत काडतुसं पारखून झाली. रीत पाळली गेली. पुढं जंगलात कधी काय होईल, त्याला कोण जबाबदार? हिंदुरावांच्या मनात हे सगळं फार लवकर येऊन गेलं. आपल्या मनात हे एवढं तयार होतं, याचंच त्यांना भय वाटलं.

सिदू त्यांच्या डाव्या खांद्याला लागून उभा होता. वाकून नळीवरून बुंध्याकडं बघत होता.

"राव, डावा हात जरा म्होरं सरकवा," तो हळूच म्हणाला. "मंग ती हालत न्हाई. वस्तादांनी सांगितलंय मला."

आणि काय सांगावं माणसाच्या मनाचं... त्या क्षणीसुद्धा हिंदुरावांच्या पोटात दुखलं. हात पुढं घ्यायचं वस्तादांनी मला कधी सांगितलं नाही. ह्याला सांगितलं.

डावा हात पुढं सरकला. आता तो पाचही काडतुसांच्या बरोबर खाली होता, आणि सिदूचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर.

रायफलीचा घोडा चढलेला होता. बोट चापावर होतं.

...

ते बोट तिथून निघालं.

हिंदुरावांनी रायफल खाली घेतली. कडं खाली ढकललं, वर ओढलं. एक काडतूस उडून मातीत पडलं. पुन्हा. पुन्हा. बोट चापाला लागू न देता, नळीत काही उरलं नाही अशी खात्री होईपर्यंत ते कडं हलवत राहिले. सहा काडतुसं पायाशी पडली.

"काय झालं, राव?" सिदूनं विचारलं.

"ही पाठोपाठ भरायची नाहीत." हिंदुराव म्हणाले. "एका वेळी एकच. टोक पुढच्याच्या टोपीवर बसतं. बार काढला की नळी फुटते. हात जातो. जवळ असला तर डोळे जातात."

सिदूनं आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"बरं झालं," तो म्हणाला, "येळेला आठवलं तुमास्नी."

इथं गप्प बसता आलं असतं. सिदूनं स्वतःच दार उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं.

"आठवलं नाही," हिंदुराव म्हणाले. "मला माहीत होतं."

लांब कुठंतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

सिदू खाली वाकला. एक एक काडतूस वेचलं, फुंकर मारून माती झटकली, पेटीत भरलं. पेटी हिंदुरावांच्या हातात दिली नाही. त्यांच्या शेजारी पायरीवर ठेवली.

"मी पोरांस्नी सांगणार हुतो," तो म्हणाला. "रावांनी दिली म्हणून."

एवढं बोलून त्यानं घागर उचलली आणि तो झऱ्याकडं गेला. रायफल तिथंच राहिली.

हिंदुरावांनी टोपी सरळ केली.

"मी निघतो, वस्ताद. परवाना सिदूला द्या. माझी पंचेचाळीस बोअर घोड्याला बांधलीय, ती काढून ठेवतो इथं, गव्यावर ती न्या. ह्या पायरीवर मी पुन्हा येणार नाही."

वस्तादांनी कोटाच्या खिशातून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला.

कागदावर दरबारचा शिक्का होता. खाली रिकाम्या जागेत तलाठ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: हिंदुराव शिंत्रे, रायफल लिव्हरची, बोअर पंचेचाळीस. तारीख दोन दिवसांपूर्वीची होती.

हिंदुरावांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला डोळ्यांना नीट दिसेना.

"मग सिदूला रायफल..."

"तीस बोअरनं गवा पडत न्हाई," वस्ताद म्हणाले. "त्येच्या वाड्याच्या वाटंला अस्वलं हाईत. पोरं त्या वाटंनं साळंला येत्यात. म्हणून दिली."

"आणि आज तेल लावत बसलाय तो?"

"दर सोमवारी लावतो."

हिंदुरावांनी कागद वस्तादांच्या पुढं धरला.

"हे आधी सांगितलं असतं, वस्ताद... एका शब्दानं..."

"तुमी कवा इचारलं? तुमी बोअर इचारला."

हिंदुरावांनी कागदाची घडी केली आणि ती सुपाच्या कडेला ठेवली. म्हणाले, हे नाव आता खोडा. दुसरं कुणाचंही घाला.

वस्तादांनी घडीला हात लावला नाही. दुपारी कसं जायचं ते त्यांनी शांतपणे सांगितलं. सिदू माग काढत पुढं. त्याच्या हातात काही नाही, कारण मागावर डोळे ठेवायचे तर हात मोकळे लागतात. हिंदुराव दोन पावलं मागं, रायफल भरलेली. कारवीतली वाट एका माणसापुरती आहे. गवा आला तर समोरूनच येणार, आणि गोळी सिदूच्या खांद्याला चाटून जाणार. सिदूनं मागं वळून बघायचं नाही. वळला तर दोघंही मेले.



तेवढ्यात सिदू झऱ्यावरून आला. घागर जागेवर ठेवली. शेवटचं बोलणं त्यानं ऐकलं असावं, कारण त्यानं काही विचारलं नाही. वस्तादांकडं एकदा बघितलं. घोंगडी खांद्यावर आवळली, जंगलात शिरणाऱ्या वाटेवर जाऊन उभा राहिला आणि थांबला. पाठ इकडं होती.

हिंदुराव त्या पाठीकडं बघत राहिले. तेलकट बंडी, मानेवर जुनं खरचटलेलं. मघाशी ह्या माणसावर जे कोसळणार होतं ते सगळं त्यांच्या मनात तयार होतं. आता मनात तसं काही हलत नव्हतं, आणि तरी त्यांना स्वतःचा भरवसा वाटेना.

"त्याच्या पाठीमागं मी?" ते म्हणाले. "भरलेली रायफल घेऊन? आजच्या नंतर?"

वस्ताद सूप बाजूला ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठले.

"दुसरा कुणीही चालेल, वस्ताद," हिंदुराव म्हणाले. "ज्याच्या मनात असं काही नाही असा कुणीही. माझ्या हाताची मला खात्री नाही..."

वस्तादांनी कागदाची घडी उचलली, हिंदुरावांच्या कोटाच्या खिशात खोलवर सरकवली आणि वरून एकदा थोपटली.

"दुसऱ्या कुनाचा हात थांबलेला मी अजून बघितला न्हाई, राव."